माता मेळाव्यातला बाप

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप आक्कास,
धाकट्या विजयसिंहाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचं बीपी आणि नेसरीची म्हैस, तिघांचीही प्रकृती ठीक असेल (म्हशीची जरा जास्त, दूध तीच देते). फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. मी फोनवर बोलायला लागलो की संयोगिता कान दाबून किंचाळते. आत्ता ती चमचे मोठ्याकडून लहानाकडं मांडत बसलीय, तेवढ्यात लिहितो.

काल तिच्या थेरपी सेंटरात पालकांचा मेळावा होता. ऑटिझम असलेल्या पोरांच्या आईबापांनी एकमेकांशी बोलावं, हा हेतू. पोरं आत वर्गात. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तर हॉलमध्ये पस्तीस बायका आणि फलकावर ‘माता मेळावा’. परत फिरणार, तोवर बायडाबाईंनी (तिथल्या मावशी, त्यांना माईक लागत नाही) मनगट धरून पहिल्या रांगेत बसवलं आणि हातात गजरा दिला. तो मी खिशात कोंबला. मग प्रत्येकीनं उखाणा घ्यायचा. माझी पाळी आली, तर ‘भाऊ, घ्या की!’ म्हणून टाळ्या. आक्का, घेतला मी. ‘रंकाळ्याच्या काठावर भेळेला गर्दी, अनुजाचं नाव घेतो, झालीय मला सर्दी.’ बायका डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसल्या. शेजारची म्हणाली, “वहिनी का न्हाईत आल्या? पुढच्या बारीला त्यांनाच पाठवा की.”

“बाहेरगावी गेल्यात,” मी म्हणालो. अनुजाला जाऊन तीन वर्षं झाली, पण एवढं हसणं मला मोडवेना. (तिचं नाव चारचौघांत घेऊनही तेवढीच वर्षं झाली होती.)

मग व्याख्यान. आईनं रोज तासभर मूल वडिलांकडं सोपवावं आणि स्वतःसाठी जगावं, असं पाहुण्या बाई म्हणाल्या. मी वहीत लिहून घेतलं. मग ध्यानात आलं, आमच्यात वडील मीच. चहाच्या वेळी बायकांनी मोबाइलवर ग्रुप केला. माझा नंबर कुणी मागितला नाही, मीही पुढं केला नाही. कप घेऊन बाहेर आलो.

पायरीवर एक म्हातारे बसले होते, गणपतराव. नातू सम्राट याच वर्गात. त्याला आणणं-नेणं यांच्याकडंच. फलक वाचून आत आलेच नव्हते. मी शेजारी टेकलो. मग म्हणाले, “पावणं, तुमची पोर नखं कापू देती का?”

“झोपल्यावर कापतो.”

“आमचं झोपेतबी मूठ आवळतंय. चार बोटांची झाली, सहा ऱ्हायल्यात.”

आक्का, आम्ही नखांवर अर्धा तास बोललो. वर्षभरात मी कुणाशी एवढं बोललो नव्हतो. वर्ग सुटला, संयोगिता आली आणि आमच्या मधोमध बसली. ‘हिला काय झालंय’ असं गणपतरावांनी विचारलं नाही. नुसते बाजूला सरकले.

दाजींना नमस्कार.

तुझा,
विजू

ता. क. पुढच्या शनिवारी गणपतराव आणखी एका बापाला पायरीवर आणणार आहेत. तो म्हणे गेले आठ महिने पोराचा वर्ग सुटेस्तोवर बाहेर रिक्षातच बसून असतो.

आणखी ता. क. तू दर वेळी ‘पोर कशी हाय?’ विचारतेस. एकदा ‘विजू, तू कसा हायस?’ असं विचार. मी ‘बरा हाय’ म्हणेन. परत विचार.