दुसऱ्या सुकलालचे हप्ते

३ नोव्हें., सोम.
घराचं कर्ज नामंजूर. इथे सुरतेत बँकेतल्या मॅडम मराठी निघाल्या, म्हणून निदान कारण तरी कळलं. "सुकलालभाऊ, तुमचे आधीच तीन हप्ते चालू आहेत. चौथा झेपायचा नाही." माझा हप्ता एकच, मोटारसायकलचा. तसं सांगितलं तर म्हणाल्या, रिपोर्ट काढून बघा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तुमचा हक्क आहे.
पलसाण्याला घ्यायच्या दोन खोल्यांचा इसार एक लाख दिलाय. डिसेंबरअखेर खरेदी झाली नाही तर इसार बुडाला. मंगलला सांगितलं. बायको भांडली असती तर बरं होतं, ती इसाराची पावती डब्यात ठेवून भांडी घासायला बसली.

५ नोव्हें., बुध.
ज्योतीने मोबाइलवर रिपोर्ट काढला. लेक कॉमर्सला आहे, तिला यातलं कळतं. चौदा पानं. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर. पुढे कर्जखाती. माझा फ्रिज, माझी मोटारसायकल, मंगलची सोन्याची पोत गहाण टाकली होती ते. आणि मध्ये मध्ये भलतीच. शिवणयंत्र, फेडलं. दवाखाना, फेडलं. रिक्षा, चालू. घरगुती कर्ज, चालू.
ज्योती हसली. "पप्पा, चोरून रिक्षा चालवता का?"
मीही हसलो. मग नीट पाहिलं. त्या दुसऱ्या सुकलालचा एकही हप्ता चुकलेला नाही. भरणा दर वेळी पाच तारखेचा. माझ्या खात्यांवर उशिराचे शिक्के आहेत, लाज वाटावी इतके. तो माझ्यापेक्षा चांगला सुकलाल आहे.
आज पाच तारीख. म्हणजे आजही त्याने कुठेतरी पैसे भरले असणार. हे मनात आलं आणि रिपोर्ट पुन्हा पहिल्या पानापासून वाचला.

६ नोव्हें.
इथे लिहून टाकतो, तोंडाने कुणाला सांगता येत नाही.
मी सुकलाल नाही. मी रतन. सुकलाल माझा थोरला भाऊ. बापाशी भांडून घरातून निघाला तो परत आला नाही. दोन वर्षांनी मामाने मला सुरतेला आणलं तेव्हा मी पंधराचा होतो, मिलला अठराचा हवा होता. भावाचा शाळेचा दाखला पेटीत पडून होता. मामा म्हणाला, "पोऱ्या गया, कागद शे ना!" आमच्या खान्देशातले पुष्कळ असेच कामाला लागले. कुणी चुलतभावाच्या दाखल्यावर, कुणी मेलेल्या भावाच्या. यात कुणाला पाप वाटलं नाही. अंग आपलं, नाव दाखल्यावरचं.
मग त्याच दाखल्यावर आधार, पॅन, पीएफ, लग्नाची नोंद, ज्योतीच्या जन्माची नोंद. माझा स्वतःचा दाखला काढायला शाळेत कुणी गेलंच नाही. मंगलला माहीत आहे. ज्योतीला नाही. रतन म्हणणारी एक आई होती, ती गेली.
तो जिवंत असेल असं आम्ही कधीच सोडून दिलं होतं.

९ नोव्हें., रवि.
रिपोर्टात पत्ते चार. एक माझा. एक कतारगामचा, त्याचा जुना. तिसरा पलसाण्याचा, आमच्या प्रोसेस हाऊसच्या, कापड रंगवायच्या कारखान्याच्या, मागची चाळ. मी तिथे कापड तपासतो आणि त्याच चाळीच्या तोंडाशी अकरा वर्षं चहा पितो. चौथा ऑगस्टमध्ये नोंदलेला. उधना, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे.
सकाळीच गेलो. खोलीला कुलूप. शेजारची बाई ओट्यावर भाजी निवडत होती. मान वर करून म्हणाली, "आजे वहेला आवी गया, सुकलालभाई?"
मी हो म्हणालो. का म्हणालो? नाही म्हणण्यासारखं तिने काही विचारलंही नव्हतं. रोजचं नाव, रोजच्यासारखी हाक. आज लवकर आलात, एवढंच.
दाराशी चपलांचा जोड होता. उजवी बाहेरच्या बाजूने झिजलेली. माझीही तशीच झिजते. पाय घालून बघावं असं मनात आलं. जवळजवळ पळतच घरी आलो. मंगलने विचारलं, भूत पाहिलं का. म्हटलं, नाही, घरी नव्हतं.

१० नोव्हें., सोम.
मेन रोडला एक बोर्ड आहे, 'स्कोअर सुधारून मिळेल, खात्रीने'. आत टाय लावलेला गृहस्थ. रिपोर्ट चाळला, सहा हजार मागितले आणि मोबाइलवर येईल तो ओटीपी. "काका, टेन्शन नै लेवानुं. ए माणसनुं नामनिशान नै रहे."
त्या माणसाचं नामनिशान राहणार नाही. केवढ्या गोड आवाजात म्हणाला. मी पाणीही न पिता उठलो.
ज्योतीला सांगितलं तर तीच माझ्यावर चढली. "पप्पा, त्याला कसले पैसे? तक्रार आपली आपण करायची, फुकट. तीस दिवसांत त्यांना निकाल लावावाच लागतो. नाही लावला तर पुढे रोजचे शंभर रुपये तेच आपल्याला देतात. तरी ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. आणि ओटीपी देतं का कुणी!" बापाला अक्कल शिकवते. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१४ नोव्हें., शुक्र.
रिपोर्टात त्याचा मोबाइल नंबर आहे. जेवणाच्या सुट्टीत लावला. चार रिंग. उचलला.
"कोन बोलस?"
आमची बोली. आवाज बापाचा. बाप जाऊन वीस वर्षं झाली.
आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीने, म्हणालो, "सुकलाल."
पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग सावकाश, अगदी शांतपणे, "मी बी सुकलाल."
फोन बंद. नंतर दिवसभर लावला, बंदच. दुपारी एका ताग्यातलं भोक माझ्या नजरेतून सुटलं. सुपरवायझर म्हणाला, लक्ष कुठंय, सुकलाल. मी उत्तर दिलं नाही. वाटलं, दुसरं कुणी देईल.

१६ नोव्हें., रवि.
ज्योतीने तक्रार भरली. कागद जोडले, सगळं लिहिलं. शेवटी एक चौकोन: 'ही खाती माझी नाहीत, ही व्यक्ती मी नाही.' खूण करायला बोट पुढे केलं आणि मी ओरडलो, थांब. ती दचकली. रविवार आहे, उद्या बघू, असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, ऑनलाइनला कसला रविवार.
खोटं कुठे आहे त्यात? खाती माझी नाहीत हे खरंच. पण ती व्यक्ती सुकलाल नाही असं मी कोणत्या तोंडाने सांगू? खरं नाव त्याचं, आणि खोटा ठरणार तोच.
ज्योती बाहेर गेल्यावर मंगलचा तोल सुटला. "घर हातमाईन जाई ऱ्हायनं, अन तुले आते भाऊ आठवस!" तिचं चुकत नाही. तीही सुकलालची बायको म्हणूनच नोंदलेली आहे. मला भाऊ हवाय आणि भीतीही त्याचीच वाटते.

२३ नोव्हें., रवि.
धीर करून पुन्हा गेलो. ठरवलं होतं, पाया पडायचं आणि सगळं सांगायचं. खोली उघडी, झाडून स्वच्छ, आत काहीच नाही. भिंतीवर फक्त खिळे.
तीच शेजारीण. माझ्याकडे बघतच राहिली. "तमे तो काले सामान लई गया ने?"
काल सामान घेऊन मीच गेलो म्हणे. म्हटलं, एक वस्तू राहिली होती. ती घरात गेली आणि कडी लावली.

१ डिसें., सोम.
मेसेज आला: 'आपली तक्रार नोंदवली आहे.' आम्ही काही केलेलं नाही. आमची अजून तशीच अर्धी पडून आहे.
ज्योतीने उघडून पाहिलं. सुकलालच्या नावाने कुणी तक्रार केलीय. फाइल एकच म्हणून कळवलंय दोघांच्याही नंबरवर. 'पुढील खाती माझी नाहीत': फ्रिज, मोटारसायकल, पोत. माझी एकूण एक. त्या चौकोनात बरोबरची खूण.
मी पंधरा दिवस हात आवरून बसलो होतो. त्याने आवरला नाही. राग आला. आधी राग आला, हे इथे लिहितो.
खाली शेऱ्याची जागा होती. ज्योतीने मोठ्याने वाचलं. 'ही खाती माझा धाकटा भाऊ रतन याची आहेत. ती त्याच्या नावावर करावीत.'
मी तिथून उठलो आणि मोरीत जाऊन उगाचच हातपाय धुतले. माझं नाव दुसऱ्या कुणी लिहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ज्योतीने दारातून विचारलं, हे काय लिहिलंय. म्हटलं, कुणी तरी चुकून लिहिलं असेल.

४ डिसें., गुरु.
बँकेत मॅडमना तक्रार दाखवली. सरळ होतं त्यांच्या दृष्टीने. 'मान्य नाही' कळवलं तर चौकशी लागेल. माझे कागद इतक्या वर्षांचे आणि भक्कम, बहुधा तोच खोटा ठरेल. त्याची खाती निघतील, कर्ज मिळेल. 'मान्य' कळवलं तर माझी खाती रतनच्या नावे जातील. "पण मग हे रतन कोण? त्यांचा काही कागद?" मी म्हटलं, बघतो. त्या माझ्याकडे नीट पाहायला लागल्या, म्हणून निघालो.
उत्तराला सात दिवस. त्याचा नंबर अजून बंद.
संध्याकाळी जेवायला बसलो. ज्योतीने मोबाइल ताटाजवळ ठेवला, 'मान्य' आणि 'मान्य नाही', दोन्ही बटणं समोर. "पप्पा, चुकून कुणी भावाचं नाव लिहितं का? रतन कोण आहे?" मंगल पोळी लाटायची थांबली.
मी म्हणालो, "मी."
ज्योतीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एखाद्या नव्या माणसाकडे बघावं तशी. मोबाइल अजून तिथेच आहे. कुणी हात लावलेला नाही.