अक्रोडाखालचं बीळ

प्रिय तोशी,

‘प्रिय’ लिहावं की नाही, यावर दोन कागद फाडले. मग ठेवलं. आज तुझ्यावर इतका राग आहे की निदान पहिला शब्द तरी खरा असू दे.

काल सकाळी नदीवर गेले तर आपल्या अक्रोडाला लाल फीत बांधलेली. काठाने खुंट्या ठोकलेल्या, आणि फलकावर लिहिलेलं: काठाची दुरुस्ती, काँक्रीटची भिंत, साठ मीटर, काम येत्या मंगळवारपासून. खाली जबाबदार अभियंता म्हणून तुझं नाव. मी ते तीनदा वाचलं. तुझ्या नावाचा दुसरा कुणी असेल अशी आशा होती. पण आपल्या खोऱ्यात तोशिनारी कुरामोतो असे किती असणार?

त्या अक्रोडाच्या मुळांखाली काय आहे ते मी तुला सांगायचं? आपण नऊ वर्षांचे होतो. बाबांनी बजावलं होतं, “बघायचं ते डोळ्यांनी, हातांनी नाही.” मी शाळेत जायच्या आधी बाबांकडे शिकले, त्यातला हा पहिला धडा. दुसरा, उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा. मी दोन्ही पाळले. तू सरळ बिळात हात घातलास. आत बसलेल्या हान्झाकेने बोट पकडलं आणि बाबा काठावरून म्हणाले, “झालं! आता वीज कडाडल्याशिवाय सोडत नाही तो.” आभाळ स्वच्छ निळं होतं. तू रडत वर बघून ओरडलास, “मग कडाड ना लवकर!” चार टाके पडले. वर्षभर सगळा गाव तुला ‘विजेचा जावई’ म्हणत होता.

तोच हान्झाके अजून तिथेच आहे. तुमच्या कागदांवर त्याला महाकाय सॅलमँडर म्हणत असतील. चार फूट लांब, पालीसारखा पण चपट्या डोक्याचा, डाव्या पुढच्या पायाला एक बोट कमी. सप्टेंबरात मादी अंडी घालून गेली, तेव्हापासून तो बिळाच्या तोंडाशी पडून आहे. शेपटीने पाणी हलवत राहतो, दुसरा कुणी जवळ आला तर त्याला फाडतो. आता पिल्लं अंड्यांतून बाहेर पडू लागली आहेत. थंडी सरेपर्यंत ती त्याच्या आडोशाला राहतील. आणि मंगळवारी तुमचं यंत्र येऊन त्याचं दार लिंपून टाकणार!

नदीला बंधारे तुमच्याच कार्यालयाने घातले. हान्झाके त्यांवर चढू शकेना, तेव्हा बाबांनी आणि मी वाळूची पोती खांद्यावर वाहून उतार रचले. वरच्या अंगाला दगडांची सहा बिळं बांधली. सहा वर्षांत एकही राहायला आला नाही. बाबा म्हणतात, “भाडं जास्त वाटत असेल.” हसतात, पण रोज जाऊन डोकावतात. या नदीत अंडी असलेलं बीळ आम्हाला एकच ठाऊक आहे. तेच.

मी तुमच्या कार्यालयात फोन केला. तू जागेवर नव्हतास. एका गृहस्थाने फार गोड आवाजात सांगितलं, “जूनमध्येच हान्झाकेविषयी घरोघर सूचना फिरली होती, ताई. कुणीही काही कळवलं नाही.” माझं डोकंच फिरलं. हान्झाकेविषयी सूचना आणि ती मला दिसली नाही? तडक नागातोमोकाकूंकडे गेले. यंदा आळीच्या प्रमुख त्या आहेत आणि घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवरचे सगळे कागद जपून ठेवतात. तुमचं खोटं मला पुराव्यासकट पकडायचं होतं.

काकू म्हणाल्या, “आधी रताळं खा, मग भांड. अगं, त्या पाटीवर असतं काय? गवतकापणी, कचऱ्याचे वार, म्हाताऱ्यांची सहल. वाचत बसलं तर भात कोण लावणार? शिक्का मारायचा, पाटी शेजारी द्यायची.” आणि त्यांनी जूनचे कागद माझ्यापुढे ठेवले.

पहिलं पान गवतकापणीचं. त्यावर अठरा घरांचे अठरा लाल शिक्के. सातवा आमचा. लावणीवरून आले होते, हात ओले होते, म्हणून त्याची कड पसरली आहे. तो मी मारलेला आहे, तोशी. पान उलटलं नाही. मागच्या पानावर एकच ओळ होती: ‘या साठ मीटरांत हान्झाकेचे बीळ कुणाला माहीत असल्यास तीस तारखेपर्यंत कळवावे.’

म्हणून हे पत्र. माझं उत्तर चार महिने उशिरा देते आहे: हो, आहे. अक्रोडाच्या मुळांखाली, पाण्याखाली वीतभर. बाबांना अजून सांगितलेलं नाही. शनिवारी आळीच्या सभेत सांगणार आहे की सातवा शिक्का माझा. पण माझ्या चुकीने तुझी चूक धुतली जात नाही. तू अठरा घरांना विचारलंस, वाट पाहिलीस आणि ‘माहिती नाही’ असं लिहून टाकलंस. कुठल्या हाताने लिहिलंस? ज्याच्या बोटावर टाक्यांचे वण आहेत, त्याच ना? शनिवारी ये, माझ्या शेजारी उभा राहा आणि तुला जे माहीत होतं ते सांग. काम वसंतापर्यंत थांबव, भिंत अक्रोड सोडून ने. नाही आलास, तर मंगळवारी मी बिळासमोर पाण्यात उभी असेन. आणि सध्या आभाळ स्वच्छ निळं आहे, तोशी. वीज कडाडायची काही लक्षणं नाहीत.

रागावलेली, तरी तुझीच,
चिझुरू