मांजराला कुणी विचारलं?

विजापूर रोड, सोलापूर
५ मार्च

मित्रा धोंडीराम गुरुजी,

सिद्धाप्पाचा नमस्कार घे, आणि वहिनींनाही सांग. आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुझं, तुझ्या गुडघ्याचं आणि उजनीकाठच्या तुझ्या केळीचंही ठीक असावं. कानातलं यंत्र लावतोस की अजून खुंटीलाच टांगलेलं आहे? परवा फोनवर मी पाऊण तास बोललो आणि तू दर वाक्याला "व्हय व्हय" म्हणालास. (मध्येच मी मुद्दाम म्हणालो की सोलापूरला समुद्र आलाय. त्यालाही तू व्हय म्हणालास.) म्हणून कागद घेतला. तसंही जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

आमच्या हिच्या, शिवबाईच्या, काखेजवळ गाठ आली आहे. गेल्या महिन्यात तिथला तुकडा काढून तपासायला दिला, त्याचा रिपोर्ट अकरा दिवसांपूर्वी आला आणि तो अजून पाकिटातच आहे. पाकीट मी उघडलेलं नाही. आता तू म्हणशील, बत्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे शोभतं का? नाही शोभत. पण क्रमाने सांगतो.

तुकडा काढायला तिला आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. आपण नववीच्या पोरांना सांगायचो ते जुळ्या भावांचं कोडं आठवतं? एक भाऊ रॉकेटमधून प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरून येतो, दुसरा घरी बसतो. परत आलेला तरुण राहतो आणि घरी बसलेला म्हातारा होतो, कारण वेगात असणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं. पोरं विचारायची, "सर, रॉकेटमधल्याला तर पृथ्वीच पळताना दिसती की, मग म्हातारा कोण?" तेच तर कोडं. उत्तर असं की वळून परत आला एकच जण, म्हणून दोघांचा हिशेब सारखा राहत नाही. तर शिवबाई वीस मिनिटांनी बाहेर आली ती गेली तशीच, केसांत अबोलीचा गजरासुद्धा जागेवर. मी मात्र त्या बाकावर दहा वर्षांनी म्हातारा झालो होतो. सिद्धांत बरोबर आहे, गुरुजी. बसून राहणाराच म्हातारा होतो.

मग रिपोर्ट आणायचा दिवस आला. लॅब सात रस्त्याजवळ. मी चालत निघालो, अर्ध्या वाटेवर आठवलं की कोथिंबीर आणायची आहे, परत फिरलो. दुसऱ्या दिवशी उरलेल्याच्या अर्ध्यापर्यंत गेलो आणि कडक भाकरी घेऊन घरी आलो. तिसऱ्या दिवशी लॅबची पाटी दिसेल इतक्या अंतरावर उभा राहिलो. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये झेनो नावाचा एक गृहस्थ हेच सांगून गेला. कुठेही पोहोचायचं तर आधी अर्धं अंतर जावं लागतं, मग उरलेल्याचं अर्धं, मग त्याचंही अर्धं. अर्धी संपतच नाहीत, तेव्हा माणूस पोहोचतच नाही. पुढे गणितवाल्यांनी दाखवलं की अशा न संपणाऱ्या तुकड्यांची बेरीज ठरावीकच येते, म्हणून माणूस पोहोचतो. मला ते गणित पाठ आहे, पण त्या दिवशी मी मनापासून झेनोच्या बाजूने होतो. इतक्यात रिक्षा थांबली. आपला हाशम, दहावीला दोनदा बसलेला. "सर, हितं उनात काय करताय? बसा की!" म्हणाला आणि बसवून थेट दारात सोडलं. झेनोचं कोडं त्याने पन्नास सेकंदांत सोडवलं, आणि याच मुलाला मी विज्ञानात नापास केलं होतं.

पाकीट घेऊन घरी आलो आणि ते उघडायला हात धजेना. तेव्हा मला आपली जुनी रीत आठवली. बोर्डाच्या परीक्षेला प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा यायचा, तो अकराला दहा कमी असताना दोघांनी सील तपासून, दोघांनी सह्या करून, मगच फोडायचा. एकोणीस वर्षं पहिली सही माझी, दुसरी तुझी. एकट्याने फोडला तर तो गैरप्रकार. मी दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून लाखेची कांडी काढली, शिवबाईच्या तव्यावर वितळवली आणि पाकिटाला तीन ठिकाणी सील ठोकलं. वर लाल पेनाने लिहिलं, "नियोजित वेळेपूर्वी उघडू नये." तवा बाद झाला. शिवबाई दारात उभी राहून बघत होती. पाकीट आता लोखंडी कपाटात तिच्या साड्यांखाली आहे.

दोनच दिवसांनी आपल्या वाचनालयात माझं व्याख्यान होतं, "भौतिकशास्त्रातील गमतीदार कोडी". चादरीच्या दुकानातून एक रिकामा खोका आणला, टेबलावर ठेवला आणि श्रोडिंजरचं मांजर समजावायला घेतलं. बंद खोक्यात मांजर आहे. सोबत एक किरणोत्सारी अणू, जो तासाभरात फुटेल किंवा फुटणारही नाही, शक्यता निम्मी निम्मी. फुटला तर विषाची बाटली फुटणार. अणूंच्या जगाचा नियम असा की बघेपर्यंत अणू फुटलेलाही असतो आणि न फुटलेलाही. म्हणजे खोका उघडेपर्यंत मांजर जिवंतही आणि मेलेलंही. (असं खरंच असतं असं श्रोडिंजर म्हणत नव्हता. हा नियम मांजरापर्यंत ताणला तर कसा विचित्र होतो हेच त्याला दाखवायचं होतं. पण एवढं सांगेपर्यंत कुणी ऐकत नाही.) भजनी मंडळाच्या बसव्वा ताडकन उठल्या. "मास्तर, मुक्या जित्राबाला इख घालताय व्हय? आदी सोडा त्याला भाईर!" खोका रिकामा आहे म्हटलं तर म्हणाल्या, मग दाखवा उघडून. मागून सगळेच ओरडायला लागले, उघडा, उघडा. आणि धोंडीराम, मला तो रिकामा खोका उघडता येईना. दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. "नाही उघडणार," असं ओरडलो आणि सत्तर माणसांसमोर मला रडू कोसळलं. लोकांना वाटलं प्रयोगाचाच भाग आहे. चौघांनी टाळ्या वाजवल्या.

त्या गोंधळात सिद्धनाथ उभा राहिला. चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस, कधी तोंड उघडत नाही. शांतपणे म्हणाला, "सर, ते मांजर जित्तं हाय का न्हाय, ते मांजराला तर ठावं आसंल की. त्येला कुनी इचारलं?" शेवटच्या रांगेतून शिवबाई पुढे आली, माझ्या हातांखालून खोका काढून घेतला आणि म्हणाली, "चला, च्या झालाय."

त्यामुळे शेवटचं कोडं राहूनच गेलं. विग्नर नावाच्या शास्त्रज्ञाने या मांजरावर कडी केली. समज, त्याचा मित्र खोलीत जाऊन खोका उघडून बघतो. मित्राला उत्तर कळलं. पण दाराबाहेर उभ्या विग्नरसाठी अजून काहीच ठरलेलं नाही. त्याच्या लेखी मांजरही अर्धवट आणि ते बघितलेला मित्रही अर्धवट. मग खरं कुणाचं? यावर अजून भांडणं चालू आहेत. मला हे कोडं कधीच पटलं नाही. ज्याला कळलं तो दार उघडून सांगणार नाही का? एवढी गोष्ट पोटात ठेवून कोण गप्प बसेल?

बाकी घरात शिवबाईने मला विद्यार्थी करून टाकलंय. रोज सकाळी आमटीचा तास. मिठाच्या, मसाल्याच्या डब्यांना नावं चिकटवली आहेत, तीही ठळक अक्षरात. गॅसचा नंबर कुठे लावायचा, कुठली चावी कुठल्या कुलपाची, सगळं माझ्याकडून घोकून घेते. परवा मी चिडलो, म्हटलं या वयात मला स्वयंपाक शिकवून काय मिळवणार आहेस? ती म्हणाली, "मोहरी जळाया लागली, आधी बघा." शेजारच्या जाहिदाबरोबर (ती नर्स आहे) दोनदा दुपारी बाहेर जाऊन आली. उसाचा रस प्यायला म्हणे.

मी मूर्ख नाही, गुरुजी. पाकीट बंद ठेवल्याने गाठ थांबत नाही, एवढं विज्ञान मला येतं. मला भीती वाटते, बस. पाकीट बंद आहे तोवर ती माझ्यासमोर बसून शेंगा सोलते आणि मला ओरडते. तेवढं मला पुरतं. वहिनींना नमस्कार सांग, वर सांगितला होता, पुन्हा सांग.

तुझा
सिद्धाप्पा

ता. क. खरं काम हे. दुसरी सही तुझी हवी. एसटीने ये, अकराला दहा कमी असताना आपण दोघं सील तपासू. मग फोड तूच. मी सही करेन.

ता. क. पुन्हा. वर "सगळं ठीक आहे" लिहिलं ते खोडायचं राहिलं. पाकिटं चिकटवायची मला आता धास्ती वाटते, म्हणून हे शिवबाईच चिकटवून टपालात टाकेल. काळजी नको, तिला माझं अक्षर लागत नाही.

भावजी,
ह्यांचं अक्षर मला लागत न्हाई म्हनं. चाळीस वर्सं वाचतीय. मी शिवबाई.

लॅबच्या कागदावर ह्यांनी मोबाईल नंबर माझाच लिवला हुता, सोताचा त्यांना पाठ न्हाई. ह्यांनी पाकीट घरी आनायच्या आदीच रिपोट माझ्या मोबाईलवर आला. जाहिदानं वाचून दावला. गाठ वंगाळ निगाली. डाक्टरला दोनदा भेटून आले, सतरा तारखंला ऑपरेशन हाय. कापून काढल्यावर म्होरलं सांगतो म्हनले.

मी सांगितलं आसतं. पन ह्यांनी तव्यावर लाख ईतळवली आन पोरावानी त्या पाकिटाला सील लावत बसले, तवा माझ्या तोंडातून सबुद फुटंना. तुमी सोळाच्या आत या. सील बघा, सही करा, सगळं त्यांच्या रितीनं होऊ द्या. कागद त्यांनाच वाचू द्या, आन वाचताना त्यांच्या खांद्यावर हात ठिवा. मला आदीच कळलं हुतं ह्ये सांगू नका, त्यांना लई लागंल.

त्या दिवशी सिद्धनाथाचं समद्यांनी हसण्यावारी नेलं, पन मी मागं बसून ऐकत हुते. मांजराला ठावं हाय, भावजी. त्येला भ्या वाटत न्हाई. त्येला घोर हाय तो खोक्याभाईर झाकान दाबून हुबं ऱ्हायलेल्या मानसाचा.