सतरा नंबरचा जॉइंट

९ जानेवारी. सकाळी ७.
नवी डायरी, नवा सयाजी. संकल्प एकच: माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय एकही जॉइंट मातीआड होणार नाही. तपासणी अधिकारी म्हणजे लाईनचा डॉक्टर. डॉक्टर पेशंट न बघता सही करतो का?
सांगली जिल्ह्याचा हा पूर्व भाग म्हणजे नुसती कुसळं आणि बाभळी. मलकापूरला घरी नळाला पाणी चोवीस तास, त्यामुळे इथे मन रमत नाही. पण कर्तव्य. टाकीपासून मेटकरी वस्तीपर्यंत पावणेदोन किलोमीटर पाइप. शेवटचा नळ हरणाबाईच्या दारात. म्हातारीचा गुडघा गेलाय, त्यामुळे विहिरीवरून पाणी आणते नात, सोनिया. जाऊन-येऊन दीड तास. पोरगी यंदा दहावीला. हरणाबाईनं विचारलं, आवं सायेब, परीक्षेच्या आदी येतंय न्हवं पाणी? मी म्हणालो, शब्द दिला. परीक्षा २१ फेब्रुवारीला. भरपूर वेळ आहे.

२२ जानेवारी. दुपार.
उद्या वाईला मेव्हणीच्या मुलीचा, साक्षीचा, साखरपुडा. सौ. संयोगितानं बजावलंय, गेल्या वेळेसारखं जेवायच्या वेळेला उगवू नका. उद्याच सतरा नंबरचा जॉइंट आहे, बाभळीजवळ. मनाने मी तिथेच असणार.

२३ जानेवारी. वाई.
मनाने तिथेच होतो. ठेकेदाराचा सुपरवायझर शिवतेज, त्यानं अकरा वाजता फोटो पाठवला. पाइपवर कपलर दिसतोय. (कपलर म्हणजे दोन पाइपांची टोकं जोडणारी बाही. करंट दिला की वितळून एकजीव होते.) फोटो थोडा हलला होता, आणि इकडे पंगत बसत होती. मोबाईलवरच रिपोर्ट भरला: ‘समक्ष पाहिले, ओके.’ समक्ष हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा असतो.
बासुंदी उत्तम.

२४ जानेवारी.
आलो तर चर बुजवून सपाट. शिवतेज कामाला चपळ. संकल्प एका जॉइंटपुरता वाकला, मोडला नाही.

३ फेब्रुवारी.
आज प्रेशर टेस्ट. लाईन पाण्याने भरायची, पंपाने दाब सहापर्यंत न्यायचा, दोन तास काटा हलता कामा नये. काटा दोनपर्यंत गेला, थांबला, परत खाली आला. गेज खराब.

४ फेब्रुवारी.
नवं गेज. काटा दोनवरून खाली. हेही खराब. हल्ली मालच तसा येतो.
एक नोंद. पंप बंद केल्यावर पाइपातून आवाज आला. ठक. मग बऱ्याच वेळानं ठक, ठक. फिटर गुंडा पाइपाला कान लावून बसला आणि उठून गपचूप लांब गेला. मी म्हणालो, अडकलेली हवा असते ती. तो म्हणाला, व्हय सायेब, हवाच. पण परत काही जवळ आला नाही.

६ फेब्रुवारी.
बाभळीजवळ जमीन ओली, बुजवलेला चर खचून पुन्हा उघडा पडलाय. या मुलखात जानेवारीनंतर ओली जमीन म्हणजे बातमी. दुपारपर्यंत तिथे सात दगड उभे, त्यांना कुंकू, समोर लिंबू. गुंडा म्हणाला, साती आसरा उतरल्यात. पाण्याच्या बाया. भर दुपारी बारा वाजता हिरव्या लुगड्यात दिसत्यात. ज्यानं कायतरी झाकून ठेवलंय त्याच्याकडंच बघत्यात म्हणं.
मी विज्ञानाचा माणूस आहे. जमिनीतलं पाणी वर कसं येतं ते लोकांना पंधरा मिनिटं समजावलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग नारळ फोडला.

८ फेब्रुवारी. दुपारी १२.२०.
जीपमध्ये बसून लिहितोय, अक्षर वाईट येतंय.
एकटाच बाभळीकडे गेलो होतो. चराच्या कडेला हिरवं काहीतरी वर आलं. बाईचं डोकं. माझ्याकडे बघितलं. मी वळलो आणि शिस्तीत जीपकडे चालत आलो. एक चप्पल तिथेच राहिली, चालण्याच्या ओघात.
उष्माघाताची लक्षणं. फेब्रुवारीतही होतो.

११ फेब्रुवारी.
पाचवी टेस्ट नापास. लाईन भरली की बाभळीजवळ डबकं साचतं, काटा दोनवर दम टाकतो. ठक ठक आता खोलीतल्या बादलीतूनही येतं. आंघोळीचा तांब्या बुडवला की हात मागे घेतो. संयोगिताला फोनवर सांगितलं. म्हणाली, तुमच्या मनात काय हाय ते आदी सांगा. माझ्या मनात काय असणार? सतरा नंबर तर मी समक्ष पाहिलाय.
झोप नाही. मला भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, ही डायरी कोण वाचतंय.

१३ फेब्रुवारी.
मन भरून आलं. प्रत्येक टेस्टच्या आधी वस्तीतल्या बाया आसरांची ओटी भरतात. हिरव्या बांगड्या, दहीभात. माझ्या कामाला यश यावं म्हणून एवढी माया. हरणाबाई तर गुडघा धरत धरत येते. सातवी टेस्ट नापास झाली तेव्हा बायांचे चेहरे उजळल्यासारखे वाटले. ऊन असेल.

१५ फेब्रुवारी.
गुंडाकडून कळलं. बाया टेस्ट नापास व्हावी म्हणून नारळ फोडतात.
कारण सरळ आहे. टेस्ट असली की लाईन भरते. लाईन भरली की बाभळीजवळ पाणी येतं. वस्तीपासून बाभूळ दोनशे पावलं. सोनिया चरात बसून वाटीवाटीनं कळशी भरते आणि राहिलेल्या वेळात अभ्यास करते. ओढणी हिरवी आहे. शाळेचा ड्रेसच हिरवा. माझी चप्पल तिनं आजीकडे नेऊन दिली होती. हरणाबाईनं ती धुऊन ठेवली आहे.
मी हरणाबाईला विचारलं, पास का नको? म्हणाली, पास झाली की कुलूप लावताय तुमी. उद्घाटनाला मोठ्या माणसास्नी कवा टैम मिळायचा? नापास हाय तवर पाणी हाय.
मी हसलो. म्हणालो, असं काही नसतं.

१७ फेब्रुवारी.
बाभळीजवळ खोदायचं ठरवलं. दगडांना हात लावायला कोणी तयार नाही. गुंडा म्हणाला, माझी बायको पोटुशी हाय. शिवतेजला अचानक उंब्रजला काम निघालं. शेवटी हरणाबाई आली. मी हलवते आसरा, म्हणाली, माझ्यावर रागवायच्या न्हाईत त्या. पर हितलं पाणी जातंय माझं. सोनियाच्या पेपरला नळाला येतंय का सांगा.
मी शब्द दिला. दुसऱ्यांदा.
तिनं एकेक दगड पदरात घेऊन बाभळीच्या पलीकडे मांडला. सातही. गुडघा टेकवताना आवाज केला नाही.

१८ फेब्रुवारी.
सतरा नंबर उघडा पडला. कपलर आहे. करंट दिलेलाच नाही. बाही नुसती चढवून ठेवलेली.
गुंडा म्हणाला, त्या दिवशी जनरेटरचं डिझेल संपलं. म्हटलं उद्या वितळवू. तवर जेसीबीवाल्याला तुमचं ओके दाखवलं शिवतेजनं. सायेबांनी समक्ष बघितलंय म्हंजी झालंच असंल, म्हणून त्यानं माती ओढली. मलाबी वाटलं, दुसऱ्या कुणी केलं आसंल.
म्हणजे माझी सही आधी आली, जॉइंट मागे राहिला.
ठक आवाज सैल बाहीचा होता. हिरवी बाई सोनिया होती. एवढं सगळं कळलं तरी बादलीत तांब्या बुडवला की हात मागे घेतोच. हे शास्त्रात बसत नाही.
आज करंट मी स्वतः उभं राहून द्यायला लावला. पंगत नव्हती कुठे.

१९ फेब्रुवारी. दुपारी ४.
काटा सहावर. दोन तास हलला नाही. टेस्ट पास. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
५.३०. वरून फोन. अभिनंदन. उद्घाटन होईपर्यंत व्हॉल्व्हला कुलूप, तारीख नंतर कळवू. मी म्हणालो, वस्तीत एका मुलीची परीक्षा आहे. ते म्हणाले, राज्यात सगळ्यांचीच आहे. कुलूप लावलं. हा अगदी तात्पुरता विषय आहे. उद्या ठाम पत्र लिहितो.

२० फेब्रुवारी.
पत्राचा मसुदा मनात तयार. अक्षर नीट यावं म्हणून उद्यावर ठेवला.

२१ फेब्रुवारी. सकाळी ८.
सोनिया विहिरीवरून येताना दिसली. डोक्यावर दोन घागरी, पदराच्या जागी हिरवी ओढणी, तोंडाने मराठीच्या पेपरचं काहीतरी पाठ चाललेलं. मला बघून थांबली. त्या दिवशी चरातून बघितलं तसंच बघितलं. हरणाबाई दारात नळाशेजारी बसली होती. माझी चप्पल पुढे सरकवली आणि म्हणाली, घ्या, तुमची राहिली होती.
११.५०. बाभळीकडे गेलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी विज्ञानाचा माणूस आहे. सात दगडांपुढे नारळ फोडला आणि हात जोडून म्हणालो, बायांनो, सतरा नंबर परत गळू दे.
वाकताना खिशातली कुलपाची किल्ली मांडीला टोचत होती.