पडद्यावरचा चौक

बाबा, तुमच्या पडद्यावरचा चौक खरा आहे. मी तिथे जाऊन आले. कराडच्या स्टुडिओत गिऱ्हाइकांच्या मागे तुम्ही तो पडदा सोडायचात: परदेशातला जुना बाजार, घड्याळाचा मनोरा, कारंजं. पेंटरने कॅलेंडर बघून रंगवलेला, म्हणून मी त्याला खोटा म्हणायचे. इकडे परदेशात, पापाटोएटोला आमच्याकडे सहा महिने राहिलात तेव्हाही तुमचं तेच पालुपद. "कधी गेलीस तिथे, तर आधी माणसं घे गं. इमारती कुठे पळून जातात?" फार्मसीत कामावर निघायच्या घाईत मी नुसतं "हो बाबा, हो" म्हणायचे. तुम्ही कायमचे गेल्यावर ते "हो" मला फार छळायला लागलं. शेवटी या सुट्टीत तुमचाच कॅमेरा गळ्यात अडकवला आणि निघाले.

चौकात पाऊल टाकलं आणि मला हसूच फुटलं. मनोरा तोच, कारंजंही तेच, फक्त तुमच्या पेंटरने ते डावीकडचं उजवीकडे घातलंय. आनंदाने मी वेडीच झाले. मनोरा, कमानी, पुन्हा मनोरा. रोलमधले छत्तीसच्या छत्तीस फोटो संपल्यावर लक्षात आलं, माणूस एकही घेतला नाही. आणि नेमकी तेव्हाच समोरची फुलवाली आजी हात पुसते, डोक्याचा रुमाल सारखा करते, शेजारच्या चीजवालीला आणि मासेवाल्याला हाक मारते. तिघं ओळीने उभी, तुमच्या गिऱ्हाइकांसारखी ताठ. नाही कसं म्हणू?

लग्नात पाहुणे "आमचा एक काढा ना" म्हणून मागे लागले आणि रोल संपलेला असला, की तुम्ही नुसता फ्लॅश मारायचात. मागून कॉपी मागायला आले, की "रोल धुताना खराब झाला" सांगून मोकळे. ही फसवणूक आहे म्हणून मी एकदा तीन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आपल्याकडे कुणीतरी नीट बघावं, एवढंच हवं असतं गं त्यांना." तर बाबा, त्या चौकात मी चक्क मराठीत ओरडले, "हलू नका!" तिघंही हलली नाहीत. फ्लॅशच्या मागचं बटण दाबलं, लख्ख उजेड पडला, आणि सगळे टाळ्या वाजवून हसले. आजीने मला एक ट्यूलिप दिलं. एवढी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. मग तिने कॉपीसाठी आपला पत्ताही लिहून दिला.

इथे औषधांच्या दुकानातही फोटो धुवून देतात, तेव्हा आमच्याच फार्मसीत रोल धुतला. नात तुमची फोटो चाळून म्हणते, "हीप्स ऑफ बिल्डिंग्ज, आई! व्हेअर आर द पीपल?" अगदी तुमचीच नात. आजीला मी पत्र लिहिलं: रोल धुताना खराब झाला. ते काल पोस्टात पडलंसुद्धा. खरं काय ते तुम्हाला लिहिलेल्या या पत्रात आहे, आणि हे मी तुमच्या कॅमेऱ्याच्या केसमध्ये ठेवते आहे.