काउंटरवरचं सोयाबीनचं झाड

मुरुड, बुधवार संध्याकाळ. काल गौरींचं विसर्जन झालं.

राग अजून गेला नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या स्वातीला बघायला आलेल्या स्थळाला ह्यांनी आज नकार दिला. मुलगा शिकलेला, बोलायला साधा, स्वातीलाही पसंत. पण घरची शेती करतो ना! हे त्याच्या वडलांना तोंडावर म्हणाले, "पाव्हणं, शेतीचा काय भरवसा हाय? आमच्या पोरीला नोकरीवालाच पाह्यजे."

भरवसा नाही म्हणे! मग आमचं कापडाचं दुकान कशावर चालतं? दरसाल ह्या दिवसांत गिऱ्हाइकं रानातून सोयाबीनचं एखादं झाड उपटून आणतात. हे ते काउंटरवर आडवं ठेवतात, शेंगा मोजतात आणि मगच दिवाळीचा माल मागवतात. ज्या साली शेंगा भरल्या नाहीत, त्या दिवाळीला साड्यांच्या थप्प्या जशाच्या तशा राहिल्या. स्वातीचं कॉलेज कुणाच्या शेंगांवर झालं?

ती माणसं अर्धा चहा ठेवून उठली. हे त्यांच्या मागं दारापर्यंत गेले. वाटलं, चूक उमगली असंल. तर काय म्हणाले?

"तेवढं तुमच्या रानातलं एक झाड पाठवा की. फोटो नको, झाडच पाठवा. यंदा माल किती भरावा, अंदाजच येईना."

लाज कशी नाही वाटली ह्या माणसाला?

घरात आल्यावर मी एवढंच म्हणाले, "झाड आलं की आधी त्याला विचारा, नोकरी हाय का म्हणून."