बाईंना दिसतं की

४ मार्च, सोमवार

आधी काय झालं ते क्रमाने. राग नंतर.

१. दादा-वहिनी दोघांचीही दिवसपाळी. म्हणून भिंगरीच्या बालवाडीत मी गेले.

२. मोठ्या बाईंनी सांगितलं, मुलगी पाच वर्षांची झाली तरी तिच्याकडे शब्द नाहीत. वीस चित्रं दाखवली, नावं विचारली. एकही सांगितलं नाही.

३. म्हणून पुढच्या वर्षी तिला मोठ्या गटात घेणार नाहीत. पुन्हा छोट्या गटात, तिच्याहून वर्षा-दीड वर्षाने लहान मुलांबरोबर.

४. मी म्हटलं, घरी ती अखंड बोलते. मोठ्या बाई हसल्या. "सगळ्याच आत्यांना तसं वाटतं."

५. दिवसभर तिच्याजवळ कोण असतं, हे विचारलं. मी म्हटलं, तिचे आजोबा, माझे बाबा. मोतीबिंदू आहे, जवळजवळ दिसत नाही. त्यावर वर्गाच्या बाईंकडे वळून म्हणाल्या, "तरीच. ज्यांना स्वतःला दिसत नाही ते पोरीला काय दाखवणार?"

६. मी "बरं" म्हटलं आणि उठले.

सहावा मुद्दा मला खातोय. "बरं" म्हटलं! बसमध्ये बसल्यावर एकापेक्षा एक चोख उत्तरं सुचली. वरातीमागून घोडं.

५ मार्च, मंगळवार

जेवताना दादाला सगळं सांगितलं. म्हणाला, "अगं, एका वर्षाने काय बिघडतंय? मीही उशिराच बोलायला लागलो."

वहिनी म्हणाली, "तू अजून तरी कुठे बोलतोस?"

बाबा हसले. दादा नाही. नंतर वहिनीने एकच पातेलं तीनदा घासलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लहान मुलांत बसवलं की ती समजणारच ना, आपल्यात काहीतरी कमी आहे. तिला कळतं सगळं."

दादाचाही राग आला. पण तो वीस चित्रं घेऊन बसला नव्हता.

प्रयोगशाळेत मी वजनकाटे आणि तापमापक तपासून देते. आकडा भलताच आला की आधी काटा तपासायचा, मग वस्तूला नावं ठेवायची. शिकाऊ मुलालाही आम्ही पहिल्या दिवशी हे सांगतो. घरी बडबड करणारी मुलगी शाळेत शून्यावर येते, तर या बायकांनी काटा तपासायला नको?

७ मार्च, गुरुवार

अर्धी रजा टाकली. दारात गुपचूप उभी राहिले. भिंगरी खिडकीच्या कट्ट्यावर, बाबा खाली खुर्चीत.

"आजोबा, गाडी आली."

"गाड्या छप्पन्न येतात. कसली?"

"मोठी. मागून उघडी."

"मग टेम्पो म्हण. भरलेला का रिकामा?"

"खुर्च्या आहेत. उलट्या. पाय वर करून झोपल्यात."

"बांधल्यात का नुसत्याच रचल्यात?"

"बांधल्यात. दोरी सैल आहे. एक खुर्ची लोंबकळतेय."

"पडेल?"

"नाही. अडकलीय."

बाबा हे लाडाने विचारत नव्हते. त्यांना खरंच कळायला हवं होतं, आणि तिने नीट सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं. दुसरं कुठलं पोर अर्ध्या तासात रचलेलं, बांधलेलं, लोंबकळणारं आणि अडकलेलं वेगवेगळं सांगतं? तीन वर्षांची होईपर्यंत हीच मुलगी चार शब्दांवर भागवायची. बाबांचे डोळे गेले आणि हिची जीभ सुटली, असं वहिनी म्हणते ते अगदी खरं आहे.

मग विचारलं, "भिंगरे, बाईंनी चित्रं दाखवली तेव्हा गप्प का बसलीस?"

मठ्ठ माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाईंना दिसतं की. चष्मापण आहे त्यांना."

८ मार्च, शुक्रवार

बाईंना दिसतं की. दिवसभर हेच डोक्यात. एक काटा दोनदा तपासला.

शाळेत फोन करून सोमवारची वेळ मागितली. मिळाली, पण उपकार केल्यासारखी.

११ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही चौघी. मी म्हटलं, चित्रं तीच ठेवा. फक्त वर्गाच्या बाईंनी चित्र स्वतः बघायचं नाही, भिंगरीकडे तोंड करून धरायचं. तिने सांगायचं, बाईंनी ओळखायचं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "ही परीक्षा आहे, पोरखेळ नाही."

मी म्हटलं, "पाच वर्षांच्या पोरीचीच आहे ना?"

वर्गाच्या बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी पहिलं चित्र उलटं धरलं. "मला दिसत नाहीये हं. काय आहे?"

भिंगरी खुर्चीतून पुढे सरकली. "एक दांडा आहे. खाली वाकडा. वर कापड आहे, फुगलेलं, आतून काड्या आहेत. मिटतं पण ते. पाऊस अंगावर येऊ नये म्हणून धरायचं."

"छत्री?"

"बरोबर! शाबास, बाई."

वर्गाच्या बाईंना हसू आवरेना. पुढचं शिडी, मग कुलूप, मग कासव. बाई अडल्या की भिंगरी धीर देत होती. "घाई करू नका. परत सांगते." कासवाला म्हणाली, "हळू चालतं, पाठीवर टणक घर आहे, घाबरलं की आत जाऊन बसतं." सगळी वीस झाली. बाईंची दोन चुकली, भिंगरीचं एकही नाही.

मोठ्या बाईंनी कागद पुढे ओढला आणि पुन्हा शून्य लिहिलं.

मला वाटलं मी चुकीचं बघतेय.

"इथे 'चित्राचे नाव सांगते' असं आहे," त्या म्हणाल्या. "नावं सगळी बाईंनी सांगितली. हिने नुसतं वर्णन केलं."

नुसतं!

मी म्हटलं, "छत्री म्हणून पाठ केलेल्या पोराला काड्या कुठे असतात विचारा. सांगेल का?"

"ते कागदावर विचारलेलं नाही."

मग टोपण लावता लावता त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा वडिलांचं ऑपरेशन का करून घेत नाही? पोरीची काठी करून ठेवलीय तुम्ही लोकांनी."

भिंगरी तिथेच बसलेली. ऐकत होती. मी सांगितलं, त्यांची साखर वाढलेली असते, डॉक्टरच थांबायला सांगतात. आवाज चढू दिला नाही. का चढू दिला नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

रस्त्यात भिंगरीने विचारलं, "आत्या, मी काठी आहे?"

"नाहीस."

"मग कोण आहे?"

"भिंगरी."

पटलं नाही तिला. घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. एरवी रस्ताभर दुकानांच्या पाट्यांचे रंग सांगते.

१२ मार्च, मंगळवार

आज बाबांनी खिडकीतलं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. गाडी."

कसली, ते सांगितलं नाही. बाबांनी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

त्या बाईचं हे बोलणं मी विसरणार नाही.

१३ मार्च, बुधवार

आजही तेच. "गाडी." "माणूस." "काही नाही."

१५ मार्च, शुक्रवार

दुपारी वर्गाच्या बाईंचा फोन. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन केला असावा, मागे मुलांचा गलका होता.

"मोठ्या बाईंना सांगितलं, वर्ग मी घेते, पोरीला मी ओळखते. कागदावर शून्य ठेवायचं तर खाली माझी सही मिळणार नाही. बिनसहीचा कागद वर पाठवता येत नाही."

"मग?"

"मग काय, दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आज म्हणाल्या, घ्या मोठ्या गटात, पुढे रडलात तर माझ्याकडे येऊ नका." पुढे म्हणाल्या, "मी आता वर्गात सगळीच चित्रं उलटी धरते. जी मुलं तोंड उघडत नव्हती तीही 'मी सांगणार, मी सांगणार' म्हणून भांडतात. घसा बसलाय माझा."

मी त्यांचे दोनदा आभार मानले.

संध्याकाळी भिंगरीला मीच म्हटलं, आजोबांना खाली काय चाललंय ते सांग, ते वाट बघतायत. कट्ट्यावर चढून तिने खाली बघितलं. मग म्हणाली, "आजोबा, एक माणूस आलाय. तो भांडत नाहीये, पण भांडल्यासारखा उभा आहे."

बाबा म्हणाले, "म्हणजे हात कुठे आहेत त्याचे?"

वहिनीने मोठ्या गटाचं कळल्यावर मला मिठी मारली. दादा म्हणाला, "मी म्हणत नव्हतो?" काय म्हणत होता देव जाणे.

मोठ्या बाईंचं ते काठीचं बोलणं मात्र अजून सलतंय. उद्या हॉस्पिटलला फोन करून साखर किती खाली यायला हवी ते विचारून घेते. एकदाचं त्यांचं तोंड बंद होईल.

१६ मार्च, शनिवार

साखरेचं बाबांनीच आम्हाला सांगितलेलं. नर्स म्हणाली, साखर कधीच अडचण नव्हती. तीन वेळा तारीख दिली, तिन्ही वेळा बाबांनी स्वतः फोन करून रद्द केली. "म्हणतात, नातीचं बोलणं पक्कं होऊ दे, मग डोळे बघू. तुम्ही समजवा त्यांना. मोतीबिंदू फार पिकलाय. डोळ्यातला दाब वाढला तर नंतर ऑपरेशन करूनही उपयोग नाही."

इतका राग मला शाळेचाही आला नव्हता.

भिंगरी झोपल्यावर त्यांच्यासमोर जाऊन बसले. नर्सचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, "मला दिसायला लागल्यावर ती मला काय सांगणार?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

म्हटलं, "बाबा, ऑपरेशनला बुधवारची तारीख रिकामी आहे. घ्यायची की नाही, ते सोमवारपर्यंत मला सांगा."